ओट्यावरची निळी बाटली

कोथरूड, पुणे
२० जानेवारी २०२५

ताई,

पाया पडते, कागदावरूनच. फोनवर मी बोलते एक आणि तुला ऐकू येतं भलतंच, शिवाय तो मोठा मोबाईल तू घेणार नाहीस, तेव्हा पत्रच बरं. हे म्हणाले, "हल्ली पोस्टात तुम्ही दोघी बहिणी आणि कोर्टाच्या नोटिसा, एवढंच उरलंय."

स्वयंपाकघर एकदाचं झालं. एकतीस वर्षांचा काळा कडप्पा गेला आणि पांढराशुभ्र ओटा आला. इतका पांढरा, की हळदीचा डबा उघडायची भीती वाटते. फरशा केयूरने निवडल्या, कपाटांचा रंग सलोनीने, आणि दिवे कुठे लावायचे ते सुताराने. मला प्रत्येक वेळी विचारलं गेलं आणि प्रत्येक वेळी ते आधीच ठरलेलं होतं. तक्रार नाही करत. घर मुलाचं आणि सुनेचंही आहे.

पण शेवटी सलोनी आपण होऊन म्हणाली, "आई, सिंकजवळ ती लिक्विडची प्लॅस्टिकची बाटली फार वाईट दिसते हो. एक छानसा डिस्पेन्सर तुम्ही बघा ना. तुमच्या आवडीचा." डिस्पेन्सर म्हणजे पंपाची बाटली. वरून दाबलं की भांडी घासायचं लिक्विड बाहेर येतं.

ताई, मी ते काम मनावर घेतलं. आधी गोदाबाईंना विचारलं, कारण ती बाटली वापरणार त्या. चौदा वर्षं आमची भांडी घासतायत, पण त्यांना असं काही कुणी विचारलं नसावं. बराच वेळ विचार करून म्हणाल्या, "काकू, मनगटानं दाबता आलं पायजे. बोटं भरलेली असत्यात." मग मी यांना घेऊन निघाले. तुळशीबागेत नुसतं प्लॅस्टिक, त्यावर सोनेरी फुलं. बुधवार पेठेत एक बरी होती, पण बुड हलकं, दाबलं की आडवी व्हायची. मंडईजवळच्या एका काचसामानाच्या दुकानात मालकांनी पेपरातून डोकं वर न काढता विचारलं, "शोभेची हवी की वापरायची?"

मी म्हटलं, "दोन्ही."

"मग दोन घ्या."

तरी त्यांच्याकडेच मिळाली. जाड हिरव्या काचेची, जड बुडाची, वर स्टीलचा रुंद पंप, मनगटानेसुद्धा दाबता येईल असा. तीन दिवस, अकरा दुकानं. हे म्हणाले, "आपलं लग्न ठरवताना तुझ्या वडिलांनी एवढी चौकशी केली नव्हती." शनिवारी मी ती धुऊन, भरून सिंकच्या उजव्या हाताला ठेवली. सलोनी ऑफिसातून आली, पाहिली आणि म्हणाली, "अय्या, किती छान." मला रात्री शांत झोप लागली, एवढं सांगते.

काल रविवारी सलोनीच्या आई जेवायला आल्या, तनुजाताई. औंधला असतात. स्वतः गाडी चालवतात, आणि कुणाच्याही घरात शिरल्या की आधी त्या घराचा पडदा सरळ करतात. हातात कागदी पिशवी होती. पिशवीतून काय निघालं असेल? निळी बाटली. मातीची, हाताने घडवलेली, वर गडद निळी आणि खाली येता येता पावसाळी आभाळासारखी फिकट. सोबत घासणी ठेवायला तसलीच बशी. खरं सांगू, सुंदर होती. वाईट असती तर हे पत्र मी चार ओळींत संपवलं असतं.

सलोनी म्हणाली, "मम्मा, ही तर या ओट्यासाठीच केलीय." आणि पाच मिनिटांत निळी बाटली सिंकजवळ आणि माझी बाथरूममध्ये. "आई, तुमची हँडवॉशला मस्त होईल." ओवीने तर जेवताना सगळ्यांदेखत जाहीर केलं, "आजी, तुझी बाटली बाथरूममध्ये गेली." सात वर्षांची आहे, तिला काय बोलणार.

मला काही वाटलं नाही. साबणाचीच तर बाटली.

तुझी
मंदा


मिरज
२७ जानेवारी २०२५

मंदे,

खुशाल राहा.

साबणाच्या बाटलीवर साडेतीन पानं आणि शेवटी "मला काही वाटलं नाही". नर्स म्हणून छत्तीस वर्षं काढली मी. "मला काही होत नाही" म्हणत जो दारातूनच परत निघायचा, त्याला मी सगळ्यात आधी खाटेवर झोपवायची.

तुझी ती विहीण मी केयूरच्या लग्नात पाहिली आहे. पंगतीत माझ्याशेजारी बसली होती आणि माझं पान वाढून व्हायच्या आत उठून फोटोला गेली. असल्या माणसांच्या वस्तूही तसल्याच असतात, दिसायच्या. तू धीर धर. आमच्या वॉर्डातही शेवटी शेवटी असले पंप आले होते. लिक्विड घट्ट आहे तोवर ठीक. जरा पातळ झालं, कुणी पाणी घातलं, की पिचकारी उडते, फेस येत नाही, आणि सगळे लिक्विडला सोडून बाटलीला शिव्या देतात. आम्ही दोन महिन्यांत काढून टाकले. ती निळी राणीही उतरेल ओट्यावरून.

तू तीन दिवस फिरून आणलेली बाटली बाथरूममध्ये गेली हे वाचून मलाच राग आला. लहानपणी तुझी पाटी कुणी घेतली तर भांडायला मीच यायची.

माझं म्हणशील तर गुडघा बरा आहे. तीन फेब्रुवारीला कानाच्या डॉक्टरांकडे जायचंय. शेजारच्या दुर्गाबाई सोबत येतायत. बघू काय म्हणतात ते.

ताई


कोथरूड, पुणे
१५ फेब्रुवारी २०२५

ताई,

तुझी जीभ काळी आहे म्हणतात ते खोटं नाही. तू लिहिलंस तसंच झालं.

तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात निळी बाटली बिघडायला लागली. दाबलं की चिळकांडी उडायची. एकदा सलोनीच्या ऑफिसला जायच्या कुर्त्यावर, एकदा केयूरच्या चष्म्यावर. फेस म्हणून येईना. सलोनीने तीनतीनदा दाबून पाहिलं, मग आईला फोन. तनुजाताई लगेच हजर. गरम पाण्यातून पंप काढला, आतली नळी काढून पाहिली, फुंकली. पदर खोचून माझ्या सिंकसमोर उभ्या होत्या. ओढणी खोचून, म्हणजे. मी चहा केला. "असं व्हायला नको," म्हणत होत्या सारख्या. "बनवणाऱ्या बाईंना मी ओळखते, त्यांचं काम फार चोख असतं." मी म्हटलं, "मातीचं असतं, व्हायचंच." एवढं बोलायला मिळालं, ताई, तर आठवडा कसा छान गेला.

तू काही म्हण, त्या बाईंचं येणं फार वाढलंय. बुधवारी ओवीला चित्रकलेच्या क्लासला त्याच नेतात. परवा ओवीने घराचं चित्र काढलं. खिडकीत निळी बाटली. मी कुठे आहे विचारलं तर म्हणाली, "आजी, तू आतल्या खोलीत आहेस, म्हणून दिसत नाहीस." सलोनी पूर्वी मला "आई" आणि त्यांना "मम्मा" म्हणायची, त्यामुळे आई म्हटलं की ती मीच. आता फोनवर त्यांनाही अधूनमधून आई म्हणते. मग मी स्वयंपाकघरातून ओ देते आणि हे हसतात.

बाकी ठीक. गोदाबाई मंगळवारपासून येत नाहीत. सोमवारी संध्याकाळी सलोनीने त्यांना लिक्विडबद्दल काहीतरी विचारलं. मी मटार सोलत होते, माझं नीट लक्ष नव्हतं. आजारी असतील. मटार सोलताना कुठे सगळं ऐकू येतं. भांडी सध्या मीच घासते, पाच तर माणसं.

थंडी कमी झालीय. तू सांभाळून राहा.

मंदा


मिरज
२० फेब्रुवारी २०२५

मंदे,

मटार सोलताना कान बंद होतात हे मला नवीनच कळलं. एका परिच्छेदात दोनदा मटार आलेत. लहानपणी तू शाळा बुडवलीस की संध्याकाळी बाईंनी काय शिकवलं ते न विचारता सांगायचीस, तसंच हे.

सरळ विचारते, सरळ उत्तर दे. त्या बाटलीत पाणी कोण घालत होतं?

मला माहीत आहे, कारण युक्ती मीच लिहून पाठवली होती. तेव्हा वाटलं, नुसतं लिहितेय. पण मी काय करत होते ते मला कळत होतं. त्या तनुजाची बाटली बंद पडावी असं मला तुझ्याइतकंच वाटत होतं. का, ते सांगते. तुझ्या मागच्या पाच पत्रांत त्या बाईचं नाव किती वेळा आलं ते पेन्सिलीने खुणा करून मी पाहिलं. एवढ्या बारकाईने तू कधी माझ्याबद्दल लिहिलं नाहीस. ती काय घालते, कशी उभी राहते, कुणाचा पडदा सरळ करते. मी इथे एकटी, आणि माझ्या बहिणीच्या पत्रांत मला शेवटची ओळ, "सांभाळून राहा". तुझा तिच्यावर जळफळाट, आणि माझा, तू तिच्यावर जळतेस याचा. त्र्याहत्तराव्या वर्षी हे लिहायला लाज वाटते. पण लिहिते.

आणखी एक. कानाच्या डॉक्टरांकडे जाणार हे मी कळवलं होतं. तू पुढे विचारलं नाहीस. तीन तारखेलाच कानात यंत्र बसलं. आता दुर्गाबाई त्यांच्या स्वयंपाकघरात सुनेला काय बोलतात तेही मला ऐकू येतं. फोनवर तर सगळं स्पष्ट. तुला कळवलं नाही, कारण फोनवर तू मला दोन मिनिटं देतेस आणि पत्र लिहायला तासभर बसतेस. तो तास मला सोडवेना.

आता गोदाबाईंचं. सलोनीने त्यांना काय विचारलं असेल याचा अंदाज मला इथे बसून येतो. ती बाई तुझ्या खोटेपणापायी घराबाहेर गेली आहे. आमच्या वॉर्डात एकदा औषधाची बाटली हरवली तेव्हा मावशींवर आळ आला होता. बाटली सापडली, पण त्या मावशी पुन्हा कधी माझ्याशी नजर मिळवून बोलल्या नाहीत, आणि मी तर आळ घेतलाही नव्हता, नुसती गप्प बसले होते.

मला उत्तर नंतर लिही. आधी तिच्याकडे जा.

ताई


कोथरूड, पुणे
३ मार्च २०२५

ताई,

तुझं पत्र आल्यावर दोन दिवस मी ते उशीखाली ठेवलं. आधी तुझा राग आला, मग तुझ्या कानाचं वाचून माझाच आला. त्याबद्दल पत्राच्या शेवटी लिहीन असं ठरवलं होतं. पण शेवटच्या ओळीचं तू लिहिलं आहेस, म्हणून सुरुवातीलाच लिहिते. मी विचारायला हवं होतं. चुकले.

पाणी मीच घालत होते. तुझं पत्र आल्याच्या दुसऱ्या दिवसापासून. सकाळी सगळे उठायच्या आत झाकण काढायची, थोडं लिक्विड सिंकमध्ये ओतायची आणि आमटीच्या पळीने पाणी घालायची. एक पळी, मग दोन. पळी विसळून जागेवर ठेवायची, आणि मजाही वाटायची. तनुजाताई सिंकसमोर वाकून नळी फुंकत होत्या तेव्हा मला जे वाटलं, ते कागदावर लिहवत नाही.

त्या सोमवारचं खरं असं. सलोनीने बाटली हलवून पाहिली आणि गोदाबाईंना विचारलं. रागावून नाही. अगदी गोड आवाजात. "मावशी, लिक्विड घरी नेता का? हवं असेल तर सांगत जा, मी तुम्हाला वेगळं आणून देईन. फक्त यात पाणी नका घालू." गोदाबाईंच्या हातात कढई होती. त्यांनी ती खाली ठेवली, हात धुतले, पदराला पुसले आणि म्हणाल्या, "न्हाई ताई, मी न्हाई नेत." मग माझ्याकडे वळल्या. "काकू, तुम्ही सांगा की यांना."

मी मटाराची शेंग सोलली. मग दुसरी सोलली. तिसरी सोलेपर्यंत त्या चपला घालून गेल्या होत्या.

गेल्या गुरुवारी मी टेकडीवर सुतारदऱ्याला गोदाबाईंच्या घरी गेले. चौदा वर्षांत मी तिथे कधी गेले नव्हते. त्या मात्र पावसापाण्यात रोज उतरून यायच्या. पायऱ्या चढताना तीनदा बसले. त्यांची सून रुपाली दारात तांदूळ निवडत होती. मला पाहून आत हाक मारली, "आत्या, कोथरूडच्या काकू आल्यात." गोदाबाई बाहेर आल्या. मला खुर्ची दिली, स्वतः उंबऱ्यावर बसल्या. पाणी दिलं.

मी वाटेत पुष्कळ जुळवलं होतं. सगळं विसरले. म्हटलं, "गोदाबाई, पाणी मी घालत होते."

त्या म्हणाल्या, "मला ठावं हाय."

"त्या सोमवारच्या आधल्या मंगळवारी मी लवकर आले व्हते," त्या म्हणाल्या. "जाळीच्या दारातनं बघितलं. तुमच्या हातात पळी व्हती. म्हटलं, आपल्याला काय करायचंय, घरातलं त्येंचं त्येंच्यापाशी."

"मग तेव्हा का नाही सांगितलंत सलोनीला?"

"मी सांगून काय झालं असतं? सुनंसमोर तुमची मान खाली गेली असती. मला वाटलं, तुम्ही बोलाल. म्हणून तर तुम्हाला म्हटलं."

रुपालीचे तांदूळ निवडणारे हात थांबले होते. मी परत या म्हटलं. हात जोडले. त्यांनी माझे हात खाली केले. "न्हाई काकू. राग न्हाई. पण आता त्या घरात कुणी डबा उघडून बघितला, तरी मला वाटंल माझ्यामुळंच बघत्यात. असं काम हुत न्हाई." दुसरं घर मिळालंय म्हणाल्या, कर्वे पुतळ्यामागे. मग मी उठले तेव्हा म्हणाल्या, "मला सांगितलंत त्ये सोपं व्हतं. मला ठावंच व्हतं. तुमच्या सुनबाईला सांगा."

ताई, मी तीन दिवस काढले. काल रविवारी तनुजाताई जेवायला होत्या. त्या गेल्यावर सांगावं असं मनात होतं. पण मग वाटलं, ती पळवाट झाली. सगळ्यांची ताटं झाल्यावर मी म्हटलं, "मला एक सांगायचंय," आणि सांगितलं. पळीसकट.

केयूर म्हणाला, "आई, एका बाटलीसाठी?" हे उठले आणि यांनी स्वतःचं ताट सिंकमध्ये नेऊन ठेवलं. त्रेचाळीस वर्षांत यांना ताट उचलताना मी पहिल्यांदाच पाहिलं. सलोनी अगदी हळू म्हणाली, "आई, मी त्यांना चोर म्हटलं हो." तुम्ही असं का केलंत, हे विचारलंच नाही तिने. विचारलं असतं तर बरं झालं असतं.

आणि तनुजाताई. त्या ताठ बसल्या होत्या. मला म्हणाल्या, "त्या शनिवारी सलोनीने मला तुमच्या हिरव्या बाटलीचा फोटो पाठवला होता. खाली लिहिलं होतं, आईंनी बघ किती शोधून आणलीय. मी हिला जन्मभर वस्तू आणून देत आले, एकीचाही फोटो हिने कधी कुणाला पाठवल्याचं मला आठवत नाही. रविवारी सकाळी मातीच्या भांड्यांचं प्रदर्शन उघडायच्या आधी मी दाराशी उभी होते." मग पाण्याचा घोट घेतला आणि म्हणाल्या, "पण मी पाणी घातलं नसतं."

मी म्हटलं, "नसतंच घातलं तुम्ही."

आज सकाळी सलोनी ऑफिसला न जाता सुतारदऱ्याला जाऊन आली. गोदाबाईंनी तिला चहा दिला. माफी ऐकून घेतली. कामाला येणार नाही, तेच सांगितलं. घरी आल्यावर सलोनी माझ्याशी कामापुरतं बोलते. "आई, कुकर लावू का," एवढंच. मला मिळायला हवं तेच मिळतंय.

निळी बाटली तिथेच आहे. चांगली चालते. तिच्यात कधीच दोष नव्हता.

मंदा


मिरज
८ मार्च २०२५

मंदे,

पत्र दोनदा वाचलं. पहिल्यांदा तुझ्यावर चिडून, दुसऱ्यांदा चष्मा पुसून.

तू एकटीने सगळं डोक्यावर घेऊ नकोस. पळी तुझी होती, पण युक्ती माझी होती. गोदाबाईंना मीही दोन ओळी लिहिल्या आहेत, सोबतच्या पाकिटात. रुपाली वाचून दाखवील. "मला काय माहीत" असं मी त्यात कुठेही लिहिलेलं नाही.

सलोनीने अबोला धरला तर तू रुसू नकोस. तिला तिचा वेळ घेऊ दे. तिच्या पुढेपुढे करू नकोस आणि तिच्या माहेराबद्दल काही बोलू नकोस.

आता इकडे ये. आठ-दहा दिवस राहा. दुर्गाबाई रोज विचारतात, तुमची ती लांब पत्रं लिहिणारी बहीण कशी आहे हो. मी सांगते, वाईट नाही. येताना काही आणू नकोस.

ताई


कोथरूड, पुणे
९ एप्रिल २०२५

ताई,

नीट पोचले. मिरजेहून आल्यावर फोन केलाच होता, आणि आपण चाळीस मिनिटं बोललो असं हे घड्याळ दाखवून सांगतात. तरी लिहिते. एक गोष्ट फोनवर सांगता आली नसती.

घरी आता बरं आहे. सलोनी परवा म्हणाली, "आई, मिरजेला काय काय खाल्लंत?" आणि मी सांगत असताना उठून गेली नाही. तनुजाताई बुधवारी येतात, ओवीला नेतात. आम्ही एकमेकींशी फार जपून बोलतो. परवा त्यांनी पडद्याला हात घातला, माझ्याकडे पाहिलं आणि तसाच सोडला. मग मीच म्हटलं, "करा सरळ, तिरका आहे खरा."

भांडी अजून मीच घासते. सलोनी दुसरी बाई बघते म्हणाली, पण मीच सध्या नको म्हटलं. दोन महिन्यांत हात फाटलेत. लिक्विड कसलं असतं ते आता कळतंय. बोटांच्या पेरांवर चिरा पडल्यात, मीठ लागलं की झोंबतं.

काल सकाळी भाजी घेऊन कर्वे पुतळ्याजवळून येत होते. समोरून गोदाबाई. मला वाटलं, रस्ता ओलांडतील. नाही ओलांडला. समोर येऊन थांबल्या. तुझं पत्र पोचलं म्हणाल्या. "तुमच्या ताईंचं अक्षर लई चांगलं हाय." मग माझ्या पिशवीवरच्या हाताकडे त्यांची नजर गेली. पिशवी त्यांनी स्वतःच्या हातात घेतली आणि माझा पंजा उलटा करून पाहिला, बाजारात वांगं पाहावं तसा.

"हातमोजं न्हाई घालत?"

"सुचलं नाही."

"खोबरेल लावत जावा. भांडी झाल्यावर लगीच, हात कोरडं करून. आन् गरम पाण्यात न्हाई घासायचं." पिशवी परत दिली. "येते. त्यांची आठाची येळ हाय."

आणि एका बंगल्याच्या फाटकातून आत गेल्या. पायरीवर चपला काढल्या, नीट शेजारीशेजारी लावल्या, आमच्याकडे लावायच्या तशाच. आतून कुणीतरी हाक मारली, "आलात का गोदाबाई?" आवाज बाईचा होता, माझ्या वयाचा असावा. त्या म्हणाल्या, "आले की," आणि दार लागलं.

मी तिथेच उभी राहिले. ताई, त्या घरातली बाई मी पाहिलेली नाही, तिचं नाव मला माहीत नाही, तिच्या सिंकजवळ कसली बाटली आहे देव जाणे. पण मला तिचा हेवा वाटला. तनुजाताईंचाही कधी वाटला नव्हता इतका. मग मी पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि घरी आले, आणि सकाळची भांडी तशीच पडली होती ती घासली.

मंदा